बैलाची अक्कल दोन

मी बैलाशी शुद्ध मराठीत बोलले म्हणून आबांनी मला खेळाबाहेर काढलं. बैल खरा नव्हता. कागदावर पेन्सिलीनं लिहिलेला होता, नाव हिऱ्या, काम आमचं सामान ओढणं. पण आबा खरे होते, आणि त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून पार रिंग रोडपर्यंत ऐकू जात होता.

दर रविवारी दुपारी जळगावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, आबांच्या हॉलमध्ये हा खेळ चालतो. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. मी तलवारवाली, खालच्या मजल्यावरचा केमिस्ट नीलेश जादूगार. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं, फासे टाकायचे, आणि पुढं काय घडलं ते आबा सांगणार. जंगलं, राक्षस, राजवाडे सगळे आबांच्या ताब्यात. खेळाचा खोका त्यांच्या मुलाचा. त्या मुलासाठी आबांनी दोंडाईच्याजवळचं गाव सोडून इथं बिऱ्हाड आणलं आणि मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मागं राहिलेल्या नियमांच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाचा आबांनी डिक्शनरी घेऊन एका उन्हाळ्यात फडशा पाडला.

त्या पुस्तकात प्रत्येकाच्या बुद्धीला आकडा असतो. माणसाला दहा, बैलाला दोन. हे वाचल्यापासून आबांना जगाचं कोडं उलगडलं आहे. गटारीसाठी रस्ता खोदून पसार झालेल्या ठेकेदाराची अक्कल दोन. लिफ्टमध्ये पान थुंकणाऱ्याची अक्कल दोन. "नही, एक," ते स्वतःच दुरुस्ती करतात, "बैल लिफ्टमा थुकत नही."

तर त्या रविवारी मी म्हणाले, "हिऱ्या, नदी ओलांडून डावीकडे वळ आणि देवळापाशी आमची प्रतीक्षा कर."

आबांनी पुस्तक आपटलं. "प्रतीक्षा? तेले प्रतीक्षा समजस? तो बैल शे का पेपर तपासनारा मास्तर?"

मी शाळेत मराठी शिकवते. मला ते झोंबलं. "राक्षस मराठी बोलतात ते चालतं वाटतं?"

"राक्षसनी अक्कल आठ शे. बैल खान्देशना शे. तेले हाक समजस, कासरा समजस, तुना हात समजस. डावं-उजवं अन् प्रतीक्षा तू तुना वर्गमा सांग."

नीलेशनं आगीत तेल ओतलं. त्याच्या मते जनावरांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.

आबा उठून उभेच राहिले. "जनावरले बठ्ठं समजस, हाई माणूसनी काढेल पळवाट शे. बांधा, सोडी द्या, इकी टाका, अन् वरतून म्हना, समजस तेले."

मग मला बाहेर काढलं. आठवड्याची एक सुट्टी, ती पण कागदी बैलापायी शिव्या खाण्यात गेली. जिना उतरताना मी ठरवलं, या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पुढच्या रविवारी गेलेच.

काही आठवड्यांनी खेळात आमची बोट निघाली. समोरच्या बेटावर ड्रॅगन होता, त्याच्यासाठी तर आम्ही वर्षभर लढत होतो. बोटीत बैल मावेना. मी मुद्दाम, आबांना डिवचायला म्हणाले, "मी हिऱ्याला सांगते, आम्ही परत येऊ. त्याला कळेल."

या वेळी आबांचा आवाज चढला नाही. त्यांनी हातातले फासे खाली ठेवले. "'परत' कसं सांगशी तेले? 'उद्या' कसं सांगशी? तू गयी, एवढंच तेले समजी."

बेटावर पोचलो, गुहेत शिरलो, पण आबा पुढचं काही सांगेनात. दर वेळी बैलाचं वाट बघणं तेवढं. "काठवर बैल उभा शे. वाट दखी राहिना."

"आबा, ड्रॅगनचं बोला," नीलेश रडकुंडीला आला.

"ड्रॅगनले काय धाड भरनी? बैलना चारा सरी गया. उभा शे."

माझं डोकं फिरलं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले. आबांच्या पत्नी, अक्का, चहा गाळत होत्या. मी तणतणले तेव्हा त्या गाळणी न सोडता म्हणाल्या, "गावले आमना कुत्रा व्हता, मोत्या. अठे सोसायटीमा कुत्रा चालत नही. दिवाळीले निंघताना ह्यासनी तेले जवळ लिसन सांगं, पोळाले येस मी, तू काकाकडे ऱ्हाय. तेले समजनं, असं बठ्ठासले सांगेत."

"मग?"

"पोळाले गयात. मोत्या नव्हता. काकाकडे खाई, अन् आमना बंद घरना दारशी जाईसन बसे म्हने. तठे मातीमा तेनी बसानी जागा खोल व्हयेल व्हती." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "तुमना आबा तठेच बसी राहिनात. काकानी वढीसन उठाडं."

मला आबांचा राग होता, तो आता कोणाकोणावर काढू ते कळेना. सोसायटीच्या नियमावर, पुण्याच्या मुलावर, 'कुत्रं म्हणजे घाण' म्हणणाऱ्या आमच्या सेक्रेटरीवर. हॉलमध्ये येऊन मी म्हणाले, "आबा, बोट वळवली मी."

"ताई, वर्षभराची मेहनत," नीलेश ओरडला.

"वळवली."

"ड्रॅगन हातना जाई," आबा म्हणाले.

"जाऊ दे."

आबांनी पुस्तक मिटलं. काठ आला म्हणाले. हिऱ्याच्या बरगड्या दिसत होत्या. तो आता खाली बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नको," आबा म्हणाले. "तेनाजोडे बस."

"बसले त्याच्या शेजारी," मी म्हणाले. नीलेशनं माझ्याकडे पाहिलं, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाला, "मी पण बसलो."

आता पुढं काय घडलं ते आबांनी सांगायचं होतं. त्यांनी चष्मा काढून मिटलेल्या पुस्तकावर ठेवला. मग आमच्यावर खेकसले.

"कोनी उठानं नही. तो उठी, तवयच आपन उठसूत."