साडूची स्कझी

"मालविकाकडं स्कझी झाली म्हणं," पोळी लाटता लाटता इंदू म्हणाली. "आपल्याकडं अजून आयडीईच हाय का?"

तिचा नवरा रेणुकादास यानं उचललेला घास परत ताटात ठेवला. स्कझी म्हणजे काय, हे इंदूला ठाऊक नव्हतं. धाकट्या बहिणीकडे ती आहे आणि आपल्याकडे नाही, एवढं तिला पुरे होतं. त्यालाही पुरे झालं.

रेणुकादास नांदेडला अमृतरावसरांच्या क्लासमध्ये संगणक सांभाळायचा. मालविकाचा नवरा आलोक हेच काम लातूरच्या शाखेत करायचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेल्या त्या शाखेची आता टोलेजंग इमारत झाली होती, आणि "जरा लातूरकडं बघा" हे सरांचं पालुपद झालं होतं. साडूला एसी केबिन, साडूला सरांची शाबासकी, आणि आता साडूची डिस्कसुद्धा पुढे!

दोन्हीकडचे निकाल एकेका आभासी संगणकावर लागत. खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा हा दुसरा संगणक नुसत्या सॉफ्टवेअरचा. त्याची डिस्क म्हणजेही एक भलीमोठी फाईलच. ती जुन्या आयडीई पद्धतीनं जोडलेली होती. स्कझी या दुसऱ्या पद्धतीनं जोडली की पळते, असं रेणुकादासनं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं डिस्कच्या माहितीच्या छोट्या फाईलमधला 'आयडीई' शब्द खोडून स्कझीचा शब्द टाकला, सेटिंगमधून डिस्क काढली, स्कझीला जोडली आणि बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह उमटलं आणि लगेच पडदा निळा पडला. बंद केलं, चालू केलं. पुन्हा निळा. विंडोजला स्कझीचा ड्रायव्हर, म्हणजे ती जोडणी ओळखणारा प्रोग्रॅम, आधी द्यावा लागतो, हे त्याला आत्ता कुठे वाचायला मिळालं. घाबरून त्यानं फाईलमधला शब्द पुन्हा 'आयडीई' केला. आता तर चिन्हही उमटेना.

बाहेर कंधार-बिलोलीचे पालक जमले होते. स्पेशल बॅचची निवड आजच्या निकालावर होती.

"लागला का निकाल?" भुजंगरावांनी खिडकीतून डोकं घातलं. "पोरीनं दोन घास खाल्ले न्हाईत सकाळपासून."

"लागून राहिला, काका."

तेवढ्यात अमृतरावसर आत आले. "काय करून राहिलात?"

"वेग वाढवून राहिलो, सर."

"बंद पडलेल्याचा वेग? लावा आलोकला फोन!"

कारल्याचा रस प्यावा तसं तोंड करून रेणुकादासनं मोबाईल उचलला. लातूरचा फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त. ठेवतो तोच आलोकचाच फोन आला.

"रेणुकादासराव, तुम्ही स्कझी कशी केली हो? माझा पडदा निळा पडलाय!"

"मी? तुमची झाली म्हणून तर मी करायला गेलो!"

"माझी कुठली? मालविका म्हणाली, नांदेडला झाली. मग मला बसवंना."

रेणुकादासनं सरांकडे पाठ फिरवली.

"मी शब्द परत आयडीई केला, तरी चालंना," रेणुकादास हळूच म्हणाला.

"मी शब्द तसाच ठेवला. डिस्क काढून परत आयडीईला जोडली. तरी न्हाई."

"मग आलोकराव, दोन्ही करावं लागतंय वाटतं!"

रेणुकादासनं डिस्क काढून आयडीईला जोडली, आलोकनं शब्द बदलला. दोन्ही गावांत विंडोज एकदमच उघडलं. निकाल लागला. भुजंगरावांच्या शिल्पाचं नाव स्पेशल बॅचमध्ये होतं. त्यांनी रेणुकादासच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. कुणालाही काही सांगायचं नाही, असं साडूंचं फोनवरच ठरलं.

घरी येताच त्यानं इंदूला विचारलं, "मालविकाकडं स्कझी झाली, हे तुला कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली की!" इंदू पदराशी चाळा करत बोलली. "तिनं नवं वॉशिंग मशीन सांगितलं. मला काही सुचंना. तुम्ही जेवताना बडबडता ना, तेच सांगितलं, आमच्याकडं स्कझी झाली म्हणून. तर लगेच म्हणती कशी, आमच्याकडं पण झाली! मग म्हणलं, तुम्ही करून टाकावी, आपलं तरी खोटं पडू नये. झाली का?"

लातुरात यावेळी आलोक काय उत्तर देत असेल, हे रेणुकादासला पक्कं ठाऊक होतं.

"झाली," तो म्हणाला.