भिंगरी झोपली आहे

"बाबा, काही वाटलं तर लगेच फोन करा," सूनबाई दारातून तिसऱ्यांदा परत आत येत म्हणाली.

"काय वाटायचंय त्यात? तू जा निवांत," आजोबा म्हणाले. त्यांना स्वतःला बरंच काही वाटत होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"ताप वाढला तर कोमट पाण्यानं अंग पुसा. औषध टोपणाच्या खुणेपर्यंत. थुंकली तर रागावू नका. आणि वरची कडी लावून घ्या, नाहीतर मागच्यासारखी एकटीच जिना उतरून जाईल."

"ही? आज?" आजोबांनी कोचाकडे पाहिलं. त्यांची अडीच वर्षांची नात एरवी घरभर गरगरत असे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आज मात्र वारा पडल्यासारखी ती कोचावर आडवी झाली होती. नाक वाहत होतं, डोळे अर्धे मिटलेले होते, आणि खोकल्याची उबळ आली की एवढंसं अंग घडी घातल्यासारखं दुमडत होतं.

"तरी लावा," सूनबाई म्हणाली आणि गेली. आजोबांनी कडी लावली.

तापाचा चौथा दिवस होता. मुलगा यंत्रदुरुस्तीच्या कामासाठी परगावी गेलेला. सूनबाई शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या रजा संपल्या होत्या आणि आज तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येणार होते. चार दिवसांत घरातल्या दोघा मोठ्यांची मिळून एका माणसाचीही झोप झाली नव्हती. "मी बघतो की तिला," असं आजोबा सकाळी बोलून गेले आणि बोलल्याबरोबर आपलेच शब्द ऐकून दचकले. स्वतःचा मुलगा लहान असताना त्यांनी औषधाची बाटली दुकानातून आणण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ती उघडणं हे बायकोचं खातं होतं. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती.

पण न बोलूनही चालणार नव्हतं. काल सूनबाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "जागा एकच उरलीय ना? मी उद्या संध्याकाळपर्यंत कळवते. घरी आजोबा आहेत, पण त्यांना झेपेल असं वाटत नाही." पलीकडे पाळणाघरवाल्या बाई होत्या, हे आजोबांना ताबडतोब कळलं. भिंगरी दिवसभर पाळणाघरात गेली की या घरात उरणार काय? चार भिंती, एक वर्तमानपत्र आणि ते. त्यातलं वर्तमानपत्र तरी रोज नवं असतं.

म्हणून आज सगळं बिनचूक व्हायला हवं होतं, आणि बिनचूकपणा हाच आजोबांचा आजार होता. सारी नोकरी त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून केली होती. औषधाचं टोपण त्यांनी खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरलं. औषध खुणेच्या केसभर वर होतं. थेंबभर परत ओतलं, तर केसभर खाली. हे माप जुळेपर्यंत भिंगरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"आ कर, राणी. गोड आहे."

"आजोबा खा."

"मी नाही गं खायचं. हे तुझं आहे."

"मग गोड नाई."

आपण चाखलेलं नाही ते गोड आहे असं कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न आजोबांना खरोखरच पडला. अखेर थोडं तिच्या पोटात, थोडं त्यांच्या सदऱ्यावर आणि थोडं कोचाच्या अभ्र्यावर असं औषध संपलं. नेमकं किती पोटात गेलं याचा हिशेब लागेना, तेव्हा आणखी द्यायचं नाही एवढा एक शहाणपणा त्यांनी केला. मग ताप पाहिला. थर्मामीटरनं तीन वेळा तीन आकडे दाखवले. एवढ्या फरकावर त्यांनी एकेकाळी दुकानांना टाळं ठोकलं होतं. मधला आकडा खरा मानून ते न्हाणीघरात गेले, नळाखाली बादली लावली आणि नळ सोडला. दुपारचं पाणी करंगळीएवढं येत होतं. अर्धी बादली भरायलाही वेळ लागला असता.

एवढ्यात बाहेर उबळ आली, ती थांबेचना. आजोबा धावले, भिंगरीला उचलून आरामखुर्चीत बसले आणि तिला छातीशी उभी धरली. उभं धरल्यावर खोकला ओसरला. तिनं दोनदा हुंदका दिला, नाक त्यांच्या खांद्याला पुसलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली. त्यांनी तिला हलकेच आडवं करून पाहिलं, लगेच खोकली. पुन्हा उभी धरली, पुन्हा झोपली. आडवी, खोकला. उभी, झोप. निष्कर्ष निघाला. आता या खुर्चीतून उठायचं नाही. आजोबांना इतकं बरं वाटलं की त्यांचेही डोळे मिटू लागले. पाठ अवघडली होती, डावा पाय मुंग्यांच्या स्वाधीन झाला होता, पण आपल्या छातीवर एक आजारी पोर झोपू शकतं, ही बातमी त्यांना नवीनच होती.

आणि मग न्हाणीघरातला आवाज बदलला. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं असावं. करंगळीची मनगटाएवढी धार झाली. बादली भरत आल्याचा आवाज आजोबांना कळत होता. भरून वाहू लागल्याचा तर कुणालाही कळला असता. वाहून जाईल जाळीतून, असं त्यांनी मनाला समजावलं. पण जाळीवर त्यांनीच मघाशी औषधाचा हात पुसून फडकं टाकलं होतं. थोड्या वेळानं पाण्याची एक पातळ जीभ न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून बाहेर आली, पायपुसणं भिजवून क्षणभर थांबली आणि मग बैठकीच्या खोलीकडे निघाली. पाठोपाठ त्यांची एक चप्पल आली.

फोन खुर्चीच्या हातावरच होता. सूनबाईला करावा का? "तू ये, मला नळ बंद करता येत नाही," हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि पाळणाघराचं दार उघडल्याचा आवाजच त्यांना ऐकू आला. नाही. मग इमारतीचे सेक्रेटरी. टाकीचं पाणी बंद करायची चावी त्यांच्याकडेच असते.

आता सेक्रेटरींबद्दल एक गोष्ट आजोबा विसरले होते. त्या गृहस्थांनी नुकताच प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग पुरा केला होता. एक शिट्टी आणि एक बिल्ला मिळाला होता, रबराच्या पुतळ्याची छाती दाबण्यात ते पहिले आले होते. आणि तेव्हापासून इमारतीत कुणाचा साधा पायही मुरगळला नव्हता.

"हॅलो," आजोबा फुंकर घालावी इतक्या हळू म्हणाले.

"कोण? मोठ्यानं बोला."

"मी... मोठ्यानं नाही बोलता येत."

"काका? तुम्ही? काय होतंय?"

"काही नाही हो. जरा वरच्या टाकीचा..."

"बोलू नका," सेक्रेटरींचा आवाज एकदम अधिकारी झाला. "एक अक्षर बोलू नका. शक्ती राखून ठेवा. उठता येतंय का?"

"उठता येत नाही म्हणून तर..."

"बस. हलू नका. मी आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आजोबांनी पुन्हा लावला. लागेना. सेक्रेटरी आता साऱ्या जगाशी बोलत होते. खाली शिट्टी वाजली. जिन्यात पावलं आली, दार धडाधडा वाजलं, आणि भिंगरीनं झोपेत नाक आक्रसलं.

"काका, आवाज द्या. नुसतं हं म्हणा."

हं म्हणण्यासाठी भिंगरीच्या कानाशी ओरडावं लागलं असतं. आजोबा गप्प राहिले. दाराबाहेर या शांततेचा एकच अर्थ निघाला. आजोबांनी मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं घाईघाईनं संदेश लिहिला: 'मी ठीक आहे. दार वाजवू नका. पाणी बंद करा.'

बाहेर सेक्रेटरींनी तो मोठ्यानं वाचला. "बघा. लिहून सांगतोय माणूस, म्हणजे वाचा गेलीय. असे लोक नेहमी ठीक आहे म्हणतात. वर्गात सांगितलंय आम्हाला."

"पाणी येतंय की दाराखालून," दुसरा आवाज म्हणाला. तो वरच्या मजल्यावर कपाट बसवायला आलेला सुतार होता, आणि सेक्रेटरींनी त्याला करवतीसकट उचलून आणलं होतं. "नळच चालू राहिला असंल."

"न्हाणीघरात पडलेत, दुसरं काय. अंगावर नळ चालू. दार फोडा."

"फोडू कशाला? कडीपाशी खिडकीएवढं कापतो. नंतर फळी बसवता येईल."

आजोबांनी पुन्हा अंगठा चालवला. 'कापू नका. ती झोपली आहे.'

बाहेर तोही संदेश वाचला गेला. मग सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले, "ती कोण? काकूंना जाऊन सहा वर्षं झाली." एक निःश्वास ऐकू आला. "भ्रम सुरू झालाय. काप बाबा, लवकर काप."

करवत चालू झाली. आजोबांनी डोळे मिटून भिंगरीच्या रडण्याची वाट पाहिली. पण भिंगरीनं एक लांब जांभई दिली आणि करवतीच्या ठेक्यावर आणखी गाढ झोपली. सुतार दम खायला थांबला की ती चुळबुळे. करवत चालली की निवांत. दाराचं जे व्हायचं ते होतच होतं. आता हा माणूस थांबू नये एवढीच आजोबांची इच्छा उरली.

तो थांबला, तेव्हा भोकातून एक हात आत आला आणि कडी निघाली. सगळ्यांत पुढे सेक्रेटरी, छाती दाबायला बाह्या सरसावून, मागे सुतार, त्याच्यामागे ॲम्ब्युलन्समधून आलेली नर्स, हातात पेटी. घोटाभर पाण्यात तिघं चुबुक चुबुक करत आले आणि आजोबांनी ओठांवर बोट ठेवलेलं पाहून जागच्या जागी उभे राहिले.

नर्सच्या ध्यानात पहिल्यांदा आलं. तिच्याही घरी असं एक पोर असावं. "कधीपासून झोपलीय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"यांच्या शिट्टीआधीपासून," आजोबा तितक्याच हळू म्हणाले. "तेवढा नळ बंद करता का कुणी?"

सुतारानं नळ बंद केला आणि जाळीवरचं फडकं काढलं. पाणी गुळगुळ करत निघून जाऊ लागलं.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?" सेक्रेटरींच्या आवाजात काळजीपेक्षा खंत जास्त होती.

"डाव्या पायाला मुंग्या आल्यात."

"मुंग्या," सेक्रेटरी नर्सकडे वळून आशेनं म्हणाले. "डाव्याच बाजूला. एकदा बघून घ्याच तुम्ही."

नर्सनं पेटी उघडली. एवढं आलोय तर बघूनच जाऊ, असा तिचा चेहरा होता. आजोबांच्या मोकळ्या दंडाला पट्टा बांधून तिनं फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. मग भिंगरीच्या मानेवर हात ठेवला. "हिला घाम फुटलाय. उतरतोय ताप."

त्याच वेळी सूनबाई दारात आली. दारात म्हणजे दाराच्या उरलेल्या भागात. इमारतीच्या गटावर सेक्रेटरींनी 'काका गंभीर, दार कापत आहोत' असं टाकलं होतं, आणि ते वाचून परीक्षकांना तसंच सोडून ती शाळेतून पळत आली होती. खाली ॲम्ब्युलन्स, जिन्यात पाणी, दाराला भोक, आत सेक्रेटरी, सुतार आणि नर्स. तिच्या तोंडून शब्द फुटणार तोच चौघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"मला का नाही फोन केला, बाबा?" सगळं ऐकून झाल्यावर तिनं कुजबुजत विचारलं.

"केला असता तर तू आली असतीस."

"मग?"

"मग पाळणाघराला हो म्हणाली असतीस."

सूनबाई औषध सांडलेल्या कोचावर बसली. तिनं आजोबांकडे पाहिलं, भिंगरीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावरून सदऱ्यावर उतरलेल्या लाळेच्या ओघळाकडे पाहिलं. चार दिवसांत या पोरीला इतकी झोप तिलाही देता आली नव्हती.

"मुलगी ठीक आहे," नर्स पेटी आवरत तिला म्हणाली. "खोकला राहील थोडे दिवस. पण यांच्याकडे बघा. रक्तदाब चांगलाच चढलाय. या वयात घरी एकटं ठेवू नका."

"ऐकलंत?" सेक्रेटरी म्हणाले. दिवस अगदीच फुकट गेला नव्हता. "एकटं ठेवायचं नाही."

सूनबाईचा फोन थरथरला. नाव पाहून तिनं तो कानाला लावला. खोलीत इतकी शांतता होती की पाळणाघरवाल्या बाईंचं "मग काय ठरलं?" सुतारालाही ऐकू गेलं.

"हो, कळवणारच होते," सूनबाई म्हणाली. "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही नाही, तुमच्याबद्दल काही नाही. घरचीच अडचण आहे. आमचे आजोबा दिवसभर एकटे असतात. त्यांच्यापाशी कुणीतरी हवं."

सगळ्यांनी आजोबांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ज्यांना पाहून बाजारातले तराजू सरळ होत, त्यांच्यावर आता अडीच वर्षांच्या नातीची राखण बसली होती. आजोबांना बोलायचं होतं. नर्सच्या यंत्राचा काटा पट्टा फुगवायच्या आधीच शून्याच्या बराच वर उभा होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरीत असताना असलं यंत्र त्यांनी जागच्या जागी जप्त केलं असतं, आणि वर दोन पानी अहवाल लिहिला असता.

त्यांनी तोंड उघडलं. छातीवर भिंगरी जराशी हलली आणि तिनं त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं.

आजोबांनी तोंड मिटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल पण ती जागी होणार नाही अशा बेतानं, काही गरज नसताना, एक बारीकसा खोकला काढला.