तांदळातला करंडा

चौथीची परीक्षा जवळ आली, की बेरीजआजी, गुणाकारकाकू आणि भागाकारमावशी घरोघरी शिकवायला येतात. एका वेळी एकच येते, चहा घेते, शिकवते, कुंकू लावून घेते आणि जाते.

सारिकाला घोर होता तो त्यांच्या जाण्याचा. काकू समोर असल्या की तिची लेक ईश्वरी फडाफड उत्तरं द्यायची. काकूंनी उंबरा ओलांडला, की पोरीची पाटी कोरी. आणि परीक्षेत तर तिघी तोंडावर पदर घेऊन येतात. समोर कोण बसलीय, हे पोरांनीच ओळखायचं. शेजारचा हर्षल गेल्या साली मावशीला काकू म्हणाला, तो अजून चौथीतच आहे.

त्या दिवशी काकू निघाल्या आणि कुंकवाचा करंडाच सापडेना.

"सारिका, मला पुढच्या गल्लीत जायचंय गं."

"बसा हो काकू. सवाष्णीला तसंच कसं धाडू?"

तोवर मावशी आल्या, मागून आजी. एकाच चटईवर तिघी.

"सहा-सहा लाडवांचे आठ डबे. लाडू किती?" काकू म्हणाल्या.

"तेच लाडू सहा पोरांत वाट," मावशी मध्येच.

"त्यात माझे पाच घाल," आजी.

ईश्वरीचं एकही उत्तर बरोबर येईना. ती रडकुंडीला आली. "आई, डोक्याचा पार काला झालाय! एकेकीलाच बोलव ना!"

"काला खाऊन कुणी उपाशी राहिलंय का?" आजी म्हणाली.

पाहुण्या उठेनात, म्हणून सारिका भात टाकायला गेली. तांदळाच्या डब्यात हाताला करंडा लागला.

तो घेऊन ती दाराशी आली आणि थबकली. ईश्वरी आता उत्तराची घाई करत नव्हती. आधी मान वर करून कोण विचारतंय ते बघायची, मगच बोलायची. चुकायची, पण बघायची.

सारिकाने करंडा पुन्हा तांदळात खोल खुपसला. "नाहीच सापडत बाई," ती म्हणाली. "जेवूनच जा."

त्या राहिल्याच.

परीक्षेत पदराआडून प्रश्न आला, "छप्पन्न केळी, आठ माकडं. प्रत्येकाला किती?"

"सात. आणि मावशी, पदर जरा सैल करा, गुदमराल."

ईश्वरी पास झाली. तिघी तिच्याबरोबरच घरी परतल्या. कुंकू राहिलं होतं.

पाचवीला नद्या येतात म्हणे. सारिकाने दोन पायपुसणी जास्तीची शिवून ठेवलीत. करंडा तांदळातच आहे.