सर्जेतात्यांच्या गाडीचे पाटे

सर्जेराव तात्या गाडीला कधी समोरून बघत नाहीत. काटेवाडीच्या चौकात कुणी नवी गाडी आणून पेढे वाटायला लागला की तात्या पेढा तोंडात टाकतात, गाडीला वळसा घालतात आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसतात. "पुढनं समदीच बरी दिसत्यात," म्हणतात. "वज्जं पडल्यावर मागनं बघायचं." माझ्या पुतण्याला मुलगी बघायला कोऱ्हाळ्याला गेलो, तेव्हा आम्ही कांदेपोहे खात होतो आणि तात्या मुलीच्या वडिलांच्या ट्रॉलीखाली वाकले होते. आत येऊन म्हणाले, "घर चांगलं हाय. पाटं सरळ हायत." लग्न झालं, संसारही छान चाललाय. श्रेय मात्र अजून त्या ट्रॉलीच्या पाट्यांना.

पाटे म्हणजे गाडीचा भार चाकांवर तोलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या. तात्यांच्या आयुष्यात इतकी वर्षं पेरूची बाग होती, गाडी होती आणि गाडीचे पाटे होते. त्यांची बायको कमलकाकू गेल्यावर तर दुसरं काही राहिलंच नाही, असं आम्ही समजत होतो. आम्ही म्हणजे बांधाला बांध असलेले शेजारी. मी एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर असतो.

गाडी म्हणजे जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन. गाव तिला लांबडी म्हणतं. पेरूचे क्रेट भरून तात्या इंदापूरला निघाले की लांबडी मागून पार बसायची, तोंड वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. पोरं विचारायची, "तात्या, उडणार कवा?" मी म्हणालो, पिकअप घ्या. तात्या माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना घटस्फोट घ्यायला सांगितलंय.

मग त्यांनी भंगारातून ट्रॉलीचे दोन जाडजूड पाटे आणले आणि स्वतःच ठोकून बसवले. लांबडीचा मागचा भाग असा काही वर आला की ब्रेक मारल्यावर तात्या काचेला नाक लावून बसायचे. पहिल्याच गतिरोधकावर त्यांचं डोकं टपाला लागलं. उतरून टेंगूळ चोळत म्हणाले, "पाटं कडक हायत बरं का!"

शेवटी बारामतीचे इक्बालभाई मिस्त्री गाडीखाली शिरले. ते भंगार काढून टाकलं, मापाचे नवे पाटे घातले, रबरी बुश बदलले, दणके झेलणारे दणकट शॉकअब्सॉर्बर लावले. बाहेर येऊन हात पुसत बजावलं, "तात्या, पाटं वाढलं म्हणून ब्रेक वाढत न्हाईत. जास्त भरायचं न्हाय. दोन खेपा करा."

"व्हय," तात्या म्हणाले. तात्या कुणाचं ऐकतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

या नव्या पाट्यांची परीक्षा झाली ती माझ्या मुलीच्या, वैष्णवीच्या लग्नात. लग्न इंदापूरला, जेवणाची बाजू आमची. सकाळी आचारी, शेगड्या, पातेली, तांदूळ, डाळ, तेलाचे डबे असं सगळं घेऊन निघालेला टेम्पो लासुर्ण्यापाशी एक्सल तुटून जागीच बसला. मी मागच्या गाडीत होतो. खाली उतरलो आणि मला काही सुचेना. लग्नसराई, फोन करावा तो टेम्पोवाला दुसऱ्याच लग्नात. मुलीकडच्यांनी वऱ्हाड उपाशी ठेवलं, हे वाक्य मला आत्ताच ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात मागून लांबडी आली. तात्या फेटा बांधून एकटेच लग्नाला निघाले होते.

"काय झालं रं?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता मागचं दार उघडलं. फेटा काढून माझ्या हातात दिला. "आदी शेगड्या, पातेली आन् आचारी. शेगडी पेटली की पाव्हणं दम धरत्यात. डाळबी टाक. बास!"

"तात्या, तांदळाचं एक पोतं बसतंय अजून."

"न्हाय. दुसऱ्या खेपेला."

"अहो, वेळ..."

"मिस्त्री काय म्हणलाय? मग?"

दार लागलं. आम्ही सगळे, रडकुंडीला आलेला मीसुद्धा, नकळत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो. लांबडी बोटभर दबली आणि थांबली. ताठ!

इंदापूरला कार्यालयाच्या दारात वेगळीच गंमत झाली. फुलाफुलांचा शर्ट घातलेला बँडवाला नवरी आली समजला आणि त्याने लांबडीसमोर बँड सुरू केला. गाडीतून आधी आचारी उतरला, मग झारा, मग तात्या. तात्यांनी बँडला हात केला, जणू हे ठरलेलंच होतं. आमचे व्याही आप्पासाहेब चिंतेत फेऱ्या मारत होते. तात्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांचा हात धरला आणि गाडीमागे नेलं.

"बघा. बसली का?"

आप्पासाहेब बिचारे भरजरी फेट्यासकट वाकले. "न्हाय बा. सरळ हाय."

"हाय ना?" तात्या म्हणाले आणि दुसऱ्या खेपेला सुटलेसुद्धा.

अक्षता पडायच्या आत तांदूळ शिजत होता. पंगती उठल्या तेव्हा मुलाकडचे एकेक जण सुपारी चघळत लांबडीमागे जाऊन बघून येत होते. आग्रहाची जिलबी नवरदेवाआधी तात्यांना मिळाली. तात्या त्या दिवशी जे हसले, तसे कमलकाकू गेल्यानंतर हसलेले मी पाहिले नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मला इंदापूरहून परत यायचं होतं. रस्त्यात लांबडी दिसली, हात केला आणि पुढे तात्यांशेजारी बसलो. मागे गादी अंथरलेली, तिच्यावर एक म्हातारी झोपलेली. कमलकाकूंची आई. आणि तिच्या दोन्ही अंगाला ओल्या वाळूची पोती.

"वाळू कशाला तात्या?"

"हळू बोल." तात्या कुजबुजले. "रिकामी असली की ह्ये पाटं लय आपटत्यात. वज्जं टाकलं की मऊ चालती. मामींचा मणका गेलाय, दणका सोसत न्हाय. घरी रातभर डोळा लागत न्हाय बघ त्यांचा. गाडीत लागतो."

"दवाखान्यात नेता?"

"छ्या. आसंच. लेक व्हती तवा ती आणायची चार दिस म्हायेरपणाला. आता मी आणतो."

गतिरोधक आला की लांबडी जवळजवळ थांबायची, मग एकेक चाक पलीकडे ठेवायची. काटेवाडी आली. तात्यांचं फाटक आलं, आणि गाडी फाटकावरून सरळ पुढे कालव्याच्या रस्त्याला लागली.

मागून झोपाळू आवाज आला, "आलं का वो घर, पाव्हणं?"

"न्हाय मामी. अजून लांब हाय," तात्या म्हणाले. "झोपा तुमी."