नानांचा पाव्हणा

आमच्या शेजारच्या नानांच्या घरून आजवर कोणी उपाशी परतलेलं नाही. लाइटचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा आधी ओट्यावर बसून भरीत-भाकरी खातो आणि मग आकडा लिहितो. "आधी जेवी ल्या, मंग बोला," हे नानांचं ठरलेलं वाक्य. समोरचा काय बोलतो ते त्यांना तसंही ऐकू येत नाही. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. कानाचं मशीन कपाटात पडून आहे. "त्यात पंखा ऐकू येतो, माणूस नाही," म्हणतात.

नानांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. लकव्यापासून त्या पलंगावरच असतात आणि आवाज अगदी बारीक झालाय. मध्यंतरी त्या पलंगावरून घसरल्या, हाका मारत राहिल्या, आणि नाना अंगणात निवांत वांगी भाजत बसले होते. नाशिकहून मुलगी धावत आली. "दिवाळीपर्यंत काहीतरी सोय करा, नाहीतर आईला मी घेऊन जाते." तिच्या घरात दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. म्हणजे अक्का नाशिकला आणि नाना इथे जळगावात.

नानांनी सोय केली ती अशी : गल्लीतला एक तांबूस कुत्रा घरात घेतला, त्याचं नाव पाव्हणा ठेवलं आणि कुत्र्यांना शिकवणाऱ्या दीपालीताईंना धुळ्याहून बोलावलं. अक्कांनी उशाची घंटी वाजवली की पाव्हण्याने नानांच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि त्यांना आत न्यायचं, एवढाच अभ्यास.

"मी रविवारी येऊन फक्त दाखवणार," ताई त्यांच्या कानात ओरडल्या. "रोज शिकवायचं तुम्ही. नियम एकच. काम केलं की खाऊ. कामाआधी काही नाही."

घोडं तिथेच अडलं. ताई आल्या की आधी त्यांनाच जेवावं लागे. शेवभाजीने त्यांचे डोळे जड होत. पाव्हण्याचं जेवण तर त्यांच्याही आधी झालेलं असे. घंटी वाजली की तो एक डोळा उघडून अक्कांकडे बघे आणि पुन्हा मिटून घेई. ताईंनी चिकनचा तुकडा पुढे केला, तर त्याने केवळ मान राखायचा म्हणून हुंगला.

"नाना, सकाळी काय दिलं याला?" ताईंनी पुन्हा कानाशी ओरडून विचारलं.

"विशेष काही नाही. भाकरी, दूध, थोडं वरण."

"अहो, भूकच नसेल तर शिकेल कशाला?"

"उपाशी जीव काय शिकी ओ ताई?"

आता माझंही सांगून टाकतो. मी रोज कुंपणावरून पाव्हण्याला तूप लावलेली पोळी देत होतो. एका रविवारी ताईंनी मला रंगेहाथ पकडलं. "तुम्हीपण?" मी पोळी पाठीमागे लपवली, तर पाव्हणा मागून येऊन तीही खाऊन गेला. अक्का नाशिकला गेल्या तर त्यात माझ्या तुपाचाही हात असणार, या विचाराने पुढे कित्येक दिवस मला स्वतःची पोळी गोड लागेना.

दसरा झाला तशा ताई निर्वाणीचं बोलल्या. "पुढच्या वेळी याचं पोट टम्म दिसलं तर मी धुळ्याहून यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो नाना आणि पाव्हणा अंगणात समोरासमोर बसलेले, दोघांचेही चेहरे पडलेले. नानांनी चहासुद्धा घेतला नव्हता. "हाऊ उपाशी आणि मी जेवू? मना गयाखाले घास उतरत नही," ते म्हणाले. आतून घंटी वाजली. पाव्हणा उठला, जरा घुटमळला, आणि त्याने नानांच्या गुडघ्याला नाक लावलं. नाना असे उठले की खुर्ची उलटली.

दिवाळीत मुलीने भर फटाक्यांच्या आवाजात परीक्षा घेतली. पाव्हणा शेपूट पायांत घालून थरथरत आला, पण आला. मुलगी एकटीच नाशिकला परतली.

परवा दुपारी नानांकडे बसलो होतो. पाव्हणा सारखा येत होता आणि नाना सारखे आत जात होते. शेवटी मी त्यांच्या कानात ओरडलो, "अक्कांना बरं नाही का?"

"बरी आहे की. मघाशी पडदा सरकवायचा होता. नंतर तर काहीच नव्हतं. जरा जवळ बसा म्हणे."

"उठबस करून दमत नाही का?"

नाना पाव्हण्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, कान गेल्यापासून या घरात मला कोणी हाक मारणंच सोडलं होतं."

इतक्यात पाव्हण्याने पुन्हा नाक लावलं. "आलो गं, आलो," असं मोठ्याने म्हणत नाना चपला न घालताच आत गेले.