ऐकून घ्यायची गाडी

अंबादास अण्णा जुनी मोटारसायकल बघायला गेले की आधी चपला काढतात. मालकाला वाटतं, देवभोळा माणूस दिसतोय. तेवढ्यात अण्णा पाण्याची बाटली उघडून इंजिनावर चार थेंब शिंपडतात. थेंब चुर्र करून उडाले की चपला घालून परत फिरतात. "आपण येणार म्हणून तापवून ठेवलीय. गार असताना सुरू होत न्हाय, ते लपवायला. गाडी खोटं बोलत न्हाय सर, मालक बोलतोय."

अण्णा आमच्या गल्लीतले, साठी ओलांडलेले. अकरा वर्षं मस्कतच्या गॅरेजात परदेशी मोटारसायकली दुरुस्त करून आलेले. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मला लाल इटालियन स्पोर्ट्स मोटारसायकल हवी होती. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची तर सोलापुरात अण्णांशिवाय विचारणार कोणाला?

पहिली गाडी पुण्याची. अण्णांनी हँडल पूर्ण वळवलं, ते जिथं अडतं तिथं बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोरात पडलीय." मालक शपथा घ्यायला लागला. अण्णा शांतपणे म्हणाले, "रंग नवा दिलाय तुमी. पण हितं लोखंड दबलंय, ते तसंच हाय की."

दुसरी लातूरची. मालक कौतुकानं सांगत होता, पाच वर्षांत चालवलीच नाही, नवरीसारखी ठेवलीय.

"आतला बेल्ट कधी बदलला?"

"अहो, चालवलीच नाही!"

"बेल्टला ते कुटं ठाऊक हाय? रबर उभ्या उभ्या बी म्हातारं होतंय. तुटलं की इंजिन खलास." मग दुसरी किल्ली मागितली. ती हरवली होती. अण्णांनी चपला घातल्या.

परतताना एसटीत मी चिडलो. "अण्णा, तुम्हाला गाडी पसंतच करायची नाहीये."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पसंत करायची हाय. लई दिवसांपासनं," एवढंच म्हणाले.

तिसरी सोलापुरातच निघाली, विजापूर रोडला. मालक हाडांचे डॉक्टर. गाडीवर वाकून बसून त्यांच्याच मणक्यानं मान टाकली होती, म्हणून विकत होते. अण्णांनी चार थेंब टाकले. थेंब तसेच राहिले. नंबर कागदांशी जुळले, पुढचे शॉकअप कोरडे, तेलाचा थेंब नाही, बेल्ट बदलल्याची पावती हजर, किल्ल्या दोन. मग डॉक्टरांनी गाडी सुरू केली.

खडखड, खडखड, खडखड! डब्यात नट भरून हलवावेत तसा आवाज. माझा चेहरा पडला. डॉक्टर घाईनं म्हणाले, "घाबरू नका, या जुन्या गाड्यांचा क्लच असाच वाजतो. थांबा, बंद करतो."

"बंद नका करू," अण्णा म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले. "ऱ्हाऊ द्या की जरा."

मी शेजारी बसलो. गाडीकडे बघत ते बोलायला लागले.

"आमच्या घरात चादरी विणायचे दोन माग होते. मी आन् बायको लक्ष्मी, दोघं चालवायचो. धंदा बसला, माग विकले, मी मस्कतला गेलो. ती फोनवर म्हणायची, घर लई गप्प झालंय, झोप येत न्हाय. तितं शेटची असलीच गाडी होती. शुक्रवारी मी ती सुरू करायचो आन् फोन जवळ धरायचो. ती म्हणायची, 'मग्गम चालू झालं.' आमच्या तेलुगूत मागाला मग्गम म्हणतात. मग म्हणायची, आता या. मी म्हणायचो, पुढल्या वर्षी येतो."

"मग?"

"आलो की. तवर तिचे कान गेले होते. मागाच्या आवाजानं जातात, कानाचे डॉक्टर म्हणाले. मी बोलतो, ती नुसती तोंडाकडं बघती."

गाडी मी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा लक्ष्मीकाकूंना घेऊन आमच्या अंगणात आले. काकूंनी माझ्याकडे, मग गाडीकडे संशयानं पाहिलं. या वयात नवऱ्याला हे काय सुचलं, असा चेहरा. अण्णांनी त्यांचे दोन्ही हात धरून सीटवर ठेवले आणि मला मान हलवून खूण केली.

गाडी सुरू झाली, सीट थरथरायला लागली. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. काकू तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट सीटवर एकमेकांवर घासायला लागलं. मागावर तुटलेलं सूत चिमटीत धरून जोडतात तसं. जोडायचं, सोडायचं, पुन्हा जोडायचं.

अण्णा त्या बोटांकडे बघत होते. माझा हात किल्लीकडे गेलेला पाहून त्यांनी तो अलगद बाजूला केला.

"सर," ते म्हणाले, "आणखी दोन मिनिटं."