चोवीस पायऱ्या आणि एकनाथनाना

एकनाथनाना नव्या माणसाला नाव विचारत नसत, वजन विचारत. मग बैल पारखावा तशा त्याच्या मांड्या-पोटऱ्या न्याहाळून म्हणत, "चारशे वॅट. त्याच्यावर नाही जायचा तू." आमच्या नात्यातल्या एका नवरदेवाला त्यांनी भर मांडवात साडेतीनशेवर बसवलं होतं. मुलीकडचे अजून ते विसरलेले नाहीत.

नाना धुळ्याला आमच्या कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. साक्रीकडचे, शिक्षण सातवी. मी तिथंच डेमॉन्स्ट्रेटर. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला बी.एस्सी. मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. किलोतलं वजन, गुणिले नऊ पॉइंट आठ, गुणिले उंची, भागिले सेकंद, की आले वॅट, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नाना ते माणसांवर करून बघत. कॉलेजचा जिना चोवीस पायऱ्यांचा, उंची चार मीटर, त्यांनी स्वतः टेप लावून मोजलेली. समोरच्या धान्यवाल्याच्या काट्यावर माणूस तोलायचा, जिन्याखाली आणायचा आणि म्हणायचं, "पय!" धावायला लावायचं. प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच त्यांच्या खिशात.

हे वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. घरी अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, उजवी बाजू लकव्यानं गेलेली. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीवरून मोरीत, नानाच उचलत. अक्कांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे, सख्ख्या बहिणीचासुद्धा. एका सकाळी त्या नानांच्या हातातून निसटल्या. लागलं फारसं नाही, पण त्या दिवसापासून नाना एका जागी बसले नाहीत. आपल्यात किती जोर उरलाय आणि तो किती दिवस पुरेल, एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःचा आकडा दर सोमवारी काढत. तो उतरतच होता.

गॅदरिंगच्या आधी कॉलेजात नेहमीचं भांडण पेटलं: खरा दमदार खेळाडू कोण? नानांनी तिघांना जिन्याखाली उभं केलं. कबड्डीचा कप्तान तीन सेकंदांत वर. साडेआठशेच्या आसपास. नव्वद किलोचा पहिलवान धापा टाकत गेला, पावणेआठशे. सायकलवाला लोटन बावन्न किलोचा, काडीसारखा. त्याचे साडेसहाशेही भरेनात.

पहिलवान चिडला. त्याचं म्हणणं, माझं काम वजन उचलायचं, पळायचं नाही. त्यानं लोटनलाच खांद्यावर टाकला आणि जिना चढला. गुणाकार झाला, तो कप्तानाच्या पाच-सात वॅट पुढे. मग लोटनचं वजन कुणाच्या खात्यात धरायचं यावर पाऊण तास वाद. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून निकाल द्यायला गेलो, तर मला कुणी विचारलं नाही.

खांद्यावरून उतरल्यावर लोटन शांतपणे म्हणाला, "एकदाच का चढायचं? चढत राहू ना."

बाराव्या खेपेला पहिलवान पायरीवर बसला. विसाव्या खेपेला कप्तान. लोटन मात्र शाळेत निघाल्यासारखा चढत-उतरत होता. पोरं टाळ्या पिटत होती. नाना टाळ्या वाजवायचं सोडून त्याच्या मागे मागे जिना चढत विचारत होते, तू पाय कसा टाकतोस, श्वास कधी घेतोस? लोटन म्हणाला, "नाना, सुरुवातले बठ्ठं नही देवानं. थोडं मांगे ठेवानं." सगळा दम सुरुवातीलाच ओतायचा नाही, थोडा मागे राखायचा, हे त्याचं गणित.

मग नानांनी पहिलवानाला बाजूला घेतलं. माणूस उचलताना धरायचं कुठं? पहिलवानाला नानांच्या घरचं माहीत होतं. तो म्हणाला, मीच येत जाईन रोज. नानांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्यानं धान्यवाल्याच्या एका पोत्यावर दाखवलं: खाली बसायचं, वजन छातीशी घ्यायचं, कंबर नाही, मांड्या लावायच्या. नानांनी ते पोतं नऊ वेळा उचललं. निकाल जाहीर करायचा राहूनच गेला.

आठवडाभरानं एका संध्याकाळी मी प्रयोगशाळेच्या चाव्या द्यायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. नाना खाटेशी बसले, अक्कांना छातीशी घेतलं आणि सावकाश उठले. खुर्ची दोन पावलांवर. पण नाना खुर्चीकडे गेलेच नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर बाजार उठत होता, बैलगाड्या परतत होत्या. अक्का बघत होत्या. आता या कुणाच्या, त्या कुणाच्या, विचारत होत्या. ज्या माणसाला सेकंद वाया गेलेला खपत नसे, तो हलेना.

ओझं धरून माणूस नुसता उभा राहिला तर शास्त्राप्रमाणे त्याचं काम शून्य. ओझं वर चढत नाही, म्हणून वॅटही शून्य. हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो.

नानांचे दंड थरथरत होते. अक्कांना ते जाणवलं असावं.

"थकनात का?" त्यांनी विचारलं.

"नही व," नाना म्हणाले, "मी काय काम करी राहिनू? तू देख."

मी चाव्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि परत फिरलो.